दोन बोटं आभाळ

गांधीबागेतल्या गल्लीत, दुपारी तीनला,
हनीफभाईंच्या दुकानात माझी एकतीस चित्रं
भिंतीकडे तोंड करून उभी होती.
कूलरमधलं पाणी संपलेलं, नुसता पंखा गरगरत होता.
त्यांनी एकेक वळवलं, टेप लावला,
मापं बिडीच्या पाकिटावर लिहिली
आणि पेन्सिल कानावर खोचता खोचता म्हणाले,
"बाई, तुम्ही जमिनीत बसून काढता का जी चित्रं?"

मी हसले. मग हसू अर्ध्यावर राहिलं.

तीस वर्षं शैली शोधत होते मी.
सरांनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं,
सही झाकली तरी चित्र ओळखू यायला पाहिजे.
मी ते वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.
मग सुरीने रंगाचे जाड थर दिले.
एक वर्ष फक्त निळं.
एक वर्ष माणसंच नाहीत, नुसती वर्तुळं,
ती धंतोलीतल्या दातांच्या डॉक्टरांनी घेतली.
कोराडीच्या राखेत डिंक कालवून कागद घासले,
खोकला झाला, शैली झाली नाही.
दर पाच वर्षांनी मी नवीच कोणी असायचे
आणि प्रदर्शनात लोक विचारायचे,
यातली तुमची कोणती?

आता फरशीवर उकिडवी बसून पाहते:
फुटाळ्यावरचा भुट्टेवाला, म्हणजे त्याचे गुडघे, शेगडीचं बूड,
चेहरा धुरात कुठेतरी वर.
सीताबर्डीच्या सायकली, म्हणजे पायडल, साखळी, चपलेचा तुटका अंगठा.
मारबतीची मिरवणूक, पण मारबत नाहीच,
हजार पाय अन् एक चेंगरलेला फुगा.
निळ्या वर्षातही, त्या वर्तुळांतही
सगळं वजन वरून खाली येतंय,
क्षितिज वरच्या कडेला चिकटलेलं,
आभाळ दोन बोटं. फार तर अडीच.

बोटांनीच मोजलं मी.

तांडापेठेत आमचा माग खड्ड्यात होता.
बाबा कमरेइतके जमिनीत, पाय पावड्यांवर,
शेजारी मी, चौथ्या वर्षापासून,
कांड्या भरायला, तुटला धागा सांधायला.
तिथून दिसायचं तेवढंच जग मला ठाऊक:
आईच्या लुगड्याचा ओला काठ,
सूत मोजून द्यायला आलेल्या शेठचे बूट,
खाटेखालची मांजर, डोळ्याला डोळा,
आणि दारात, पत्र्याखाली, उजेडाची एक पट्टी.
बाबा म्हणायचे, काठ पाहत जाय,
अंग काय, कोणीही विणते.

चौऱ्याऐंशी साली खड्डा बुजवला. विटांचे तुकडे, वर कोबा.
त्यावर भावाचा फ्रीज उभा आहे.

मला राग आला, खोटं कशाला सांगू.
एवढी राख, एवढा खोकला,
आणि उत्तर त्या कांड्या भरणाऱ्या पोरीजवळ.

रात्री कागद ताणला. पट्टी वर सरकवली,
दोन बोटं मोजली, आणि हात थांबला.
ही तर चोरी. माझ्याच घरातली.
मग मुद्दाम क्षितिज मधोमध आखून
अंबाझरीचं पाणी काढलं,
ते बँकेच्या कॅलेंडरसारखं झालं. पुसलं.
दोन वाजता वीज गेली तेव्हा बरं वाटलं.

सकाळी भावाकडे गेले.
वहिनीला म्हटलं, फ्रीज जरा सरकव.
"काऊन?"
काही पडलं असेल खाली, म्हटलं.
ती पाहत राहिली, मग तिने एका बाजूने धरलं.
खाली झुरळाचं पंख, एक रुपया, लग्नातली अक्षत.
मी कोब्यावर बसले. थंड होता.
समोर वहिनीच्या टाचा, एक नख काळं,
गाऊनची उसवलेली शिवण,
आणि दारातून, पत्र्याखालून, आभाळ.

मी हात लांब करून एक डोळा मिटला.
चार बोटं.

"सापडलं का?" वहिनीने विचारलं.
कागद जवळ नव्हता.
मी म्हटलं, थांब, हलू नको.